ठमीला रंग चढावा म्हणून

९ डिसेंबर, सोमवार

जावयांनी ही वही आणून दिली. म्हणाले, "आई, दिवसभर गप्प असता तुम्ही. इथे लिहीत जा मनातलं." मी गप्प असते असं आजवर मला कोणी म्हटलं नव्हतं. चिपळूणला शेजारीण म्हणते, शकुवहिनी, तुमच्या तोंडाला झाकण करून घ्या. पण इथे ऑकलंडात बोलायचं कोणाशी? माझी मुग्धा बाळंतीण, ती एक तर झोपते नाही तर पाजते. जावई नितीशराव खालच्या खोलीत कम्प्युटरपुढे. शेजारी गोरी बाई राहते, तिचं मला कळत नाही, माझं तिला. शिक्षण माझं चौथी, तीही पूर्ण झाली असं आपलं म्हणायचं. अक्षर जाईल तसं जाईल.

लिहायचं ते एकच. माझी नात! कागदावर नाव स्वानंदी, मी म्हणते ठमी. अशी गोरी की काय सांगू. कोवळ्या शहाळ्यातली मलई असते ना, बोटावर घेतली तर बोट आरपार दिसतं, तशी कातडी. डोक्यावर शेवरीच्या कापसागत पांढरं जावळ. डोळे निळसर. पापण्यासुद्धा पांढऱ्या! मुग्धा माझ्यासारखी सावळी आणि नितीशराव तर चांगले पिकल्या जांभळासारखे. मला बघायला आलेले लोक पोहे खाऊन जायचे आणि मग निरोप यायचा, मुलगी कामाची आहे पण रंगाने जरा. तेव्हापासून आमच्या घराचा जो काही गोरेपणा बाकी होता, तो देवाने एकदम एकीच्याच अंगावर ओतला.

पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. आशालताताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्याशी फोनवरसुद्धा मी उभी राहून बोलते. त्या म्हणाल्या, "शकुताई, आमच्या घराण्यात पहिली गोरी! आणखी फोटो पाठवा." मग मी पाठवले. त्यांना पाठवले, चिपळूणला सगळ्यांना पाठवले, दूधवाल्यालाही पाठवले.

मुग्धा मात्र हसत नाही. बाळंतपणात असं होतं म्हणतात.

१६ डिसेंबर, सोमवार

ठमीचं मालिश माझ्याकडे. खोबरेल घरून आणलंय. विमानतळावर माझी हळकुंडं ठेवून घेतली मेल्यांनी, तेल मात्र सोडलं. पाय लांब करून घेते, पायांवर पोर, आणि टाळूपासून तळपायापर्यंत जिरवते. अशी सुस्कारे टाकते की बस.

आपल्याकडे मालिशनंतर कोवळ्या उन्हात घेऊन बसतात. हाडं धरतात, कावीळ उतरते. मी उठले ठमीला घेऊन, तर मुग्धा वाघिणीसारखी आडवी आली.

"आई, उन्हात नाही. दारापाशी पण नाही."

"अगो, सकाळचं ऊन आहे."

"नाही म्हणजे नाही. मला प्रॉमिस कर."

केलं. घरी नर्सबाई येते वजन करायला, तीही तेच सांगून गेली. इथली माणसं उन्हाला फार भितात. शाळेत पोराकडे टोपी नसली तर त्याला मैदानावर सोडत नाहीत म्हणे. आमच्या पोरी डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात जायच्या, काय झालं त्यांना? आणि सूर्य तरी धड आहे का इथला? उत्तरेकडनं जातो. माझा विश्वास नव्हता, पण दोन दिवस गॅलरीत उभी राहून पाहिलं. उत्तरेकडनंच जातो.

इतकी गोरी मी जन्मात एकच पाहिली, माझ्या वडिलांची बहीण, शांताआत्या. पण तिचं वेगळं होतं. ती दिवसा डोळे किलकिले करून वावरायची, तिन्हीसांजेला जरा उघडायची. आजी म्हणायची, हिच्या वेळेला सूर्याला गिरण लागलं ते पाळलं नाही मी, त्याचं हे. ठमीच्या वेळेला मुग्धाने पाळलं की नाही ते विचारायला हवं. पण विचारलं तर चिडेल. राहू दे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आजचं लिहूनच ठेवते.

विहीणबाईंनी व्हिडिओवर फोन केला. ठमी माझ्या मांडीवर. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "केस अजून पांढरेच?"

"जावळ आहे हो. जाईल."

"भुवया कुठायत?"

मी म्हटलं, आहेत, उजेडामुळे दिसत नाहीत.

"नितीश झाला तेव्हा डोक्यावर काळंभोर जंगल होतं. कान काळे होते. कानांवरून रंग कळतो म्हणतात." मग हसल्या. "शकुताई, तिकडच्या दवाखान्यात बदललं नाही ना हो पोर?"

मीही हसले. काय करणार? मुलीच्या आईने विहिणीच्या विनोदाला हसायचं असतं. पण त्यांच्या मागे कोणीतरी बाई बसली होती, ती हळूच म्हणाली, बदलायला कशाला पाहिजे, तिकडे काय गोऱ्यांना तोटा आहे? विहीणबाईंनी तिला गप्प केलं की नाही ते दिसलं नाही, फोन बंद झाला.

ते वाक्य माझ्या कानात बसलंय. भात गिळताना तेच, भांडी घासताना तेच.

विहीणबाई फेब्रुवारीत येणार. बारसं त्यांच्यासाठीच ठेवलंय. समोर बघतील तेव्हा काय म्हणतील?

उद्यापासून मी ठमीला काजळाने भुवया काढणार आहे. तीट लावतात तशी, कोणाला काय कळतंय.

४ जानेवारी, शनिवार

देवा, हे काय ऐकलं मी.

सकाळी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. त्याला इथे डेअरी म्हणतात, पण म्हैस नाही न गाय नाही, दुधाच्या जोडीला विड्या आणि बिस्किटं. परत आले तर दोघं स्वयंपाकघरात. मी पायरीवरच थांबले.

नितीशराव म्हणत होते, "टेस्टला दोघांचंही रक्त दिलंय ना, आता रिपोर्ट येईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. माझ्या आईला तर अजिबात नाही."

मुग्धा रडत होती. "आणि माझी आई? ती रोज सगळ्यांना फोटो पाठवतेय."

"तिला पण नाही. आधी कळू दे."

मी दुधाची बाटली घेऊन तशीच उभी.

मला एवढं कळतं की रक्त कशाला तपासतात. आमच्या आळीत एकाने कोर्टात नेलं होतं बायकोला, तेव्हाही रक्तच तपासलं होतं, पोर कोणाचं ते ठरवायला. माझी मुग्धा तशी नाही. सोन्यासारखी आहे. औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देते, तिथेही एक गोळी इकडची तिकडे करत नाही. पण रंग असा समोर दिसत असताना ऐकणार कोण? नितीशराव हल्ली पोरीला घेतात ते हात लांब धरून. तिच्या तोंडाकडे बघत बसतात आणि मग उठून खाली जातात. डोळे लाल असतात. पुरुषाच्या मनात किंतू आला की तो असाच वागतो.

आणखी एक. ठमीचे डोळे एका जागी राहत नाहीत. सारखे इकडून तिकडे, पाळण्यासारखे. मी चुटकी वाजवली तर आवाजाकडे वळते, पण माझ्याकडे बघत नाही. कोणाची नजर लागली असेल? फोटो मीच पाठवले सगळीकडे.

मीठ-मोहरी ओवाळून टाकली. इथे चूल नाही, टाकणार कुठे, तर सिंकमध्ये टाकली. ती जळली नाही, त्यात भीती आणखी वाढली.

८ जानेवारी, बुधवार

आज एक वाट दिसली.

शेजारच्या गोऱ्या बाईचं नाव ग्लेनिस. सत्तरीची असेल, पायात रबरी सपाता, त्यांना ही लोकं जँडल म्हणतात. कुंपणावरून मला लिंबं देते. आज तिच्या नाकावर पट्टी होती. मी खुणेने विचारलं, पडलीस का? तिने हाताने कापल्यासारखं केलं. मग घरात गेली आणि एक जुना फोटो घेऊन आली. समुद्रावर एक तरुण पोरगी, चड्डी-बनियनवर, अंग चकाकतंय तेलाने, आणि रंग कसा? भाजलेल्या काजूसारखा! मी विचारलं, कोण? ती छातीवर बोट ठेवून म्हणते, मी. मग सूर्याकडे बोट, मग बाटलीतून तेल ओतून हातापायाला चोळल्यासारखं केलं, मग मान जोरात हलवली, नाकावरच्या पट्टीला हात लावला, आणि डोळ्यांत पाणी आणलं. म्हातारपणी तरुणपणचा फोटो पाहिला की कोणालाही रडू येतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पण मी घरी आले ती वाऱ्यावर. एवढी ढळढळीत गोरी बाई, ती तेल आणि उन्हाने काजूसारखी झाली! मग आमची ठमी का नाही होणार? ती तर मुळात आमचीच, रंग आत असेलच, बाहेर यायचा खोळंबा आहे. विहीणबाई यायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात थोडा तरी चढला तर माझ्या मुग्धाचा संसार वाचेल.

प्रॉमिस केलंय ते आठवतं. पण आईने मुलीसाठी मोडलेलं वचन देव धरत नसावा.

१० जानेवारी, शुक्रवार

मुग्धा दुपारी झोपली तेव्हा नेलं. तेल चोपडून, मागच्या लाकडी ओट्यावर. थोडाच वेळ. ठमीने डोळे घट्ट मिटून घेतले, मी पदर धरला डोळ्यांवर.

आत आणली तर गाल गुलाबी! चढतोय. खरंच चढतोय. नाचावंसं वाटलं, गुडघे नसते तर नाचलेही असते.

मुग्धाने विचारलं, "आई, ही लाल का दिसतेय?" मी म्हटलं, रडली होती.

१५ जानेवारी, बुधवार

दवाखान्यात बसून लिहितेय. लिहिलं नाही तर मला काहीतरी होईल. बोलायला कोणी उरलेलं नाही, मुग्धा माझ्याशी बोलत नाही.

काल संक्रांत. ठमीची पहिली, म्हणून बोरन्हाण घालायचं होतं. मी माझ्या जुन्या चंद्रकळेचं झबलं शिवलं होतं, काळंभोर, आणि हलव्याचे दागिने. सकाळी दोघं न्यू लिनला गेली, तिकडे आपल्या लोकांची दुकानं आहेत, बोरं मिळतात का बघायला. मुग्धा म्हणाली, "आई, लगेच येतो. खिडकीचे पडदे ओढलेत, तसेच राहू देत."

ते गेले आणि मी झबलं घालून बघितलं. काळ्या कपड्यात पोर आणखीनच पांढरी दिसायला लागली. जशी खडूची. संध्याकाळी व्हिडिओवर विहीणबाई बघणार होत्या. माझा जीव उडाला. झबलं काढलं, तेल लावलं, आणि ओट्यावर नेलं. लंगोट सोडून अंगावर काही नाही. वारा गार होता, त्यामुळे ऊन काही लागतंय असं वाटेना. मी पदराची सावली फक्त डोळ्यांवर धरली आणि गाणी म्हणत बसले. ती झोपली. मी मनात म्हटलं, किती शहाणी आहे, स्वतःच रंगायला पडलीय.

दोघं आली तेव्हा ती आत होती, लालबुंद. थोड्या वेळाने रडायला लागली. ते रडणं नव्हतं. मांजराच्या गळ्यातून येतो तसा आवाज. दुपारी गालावर आणि दंडावर फोड आले, आतून पाणी भरलेले. अंग तव्यासारखं. मुग्धाने तिला उचललं आणि ओरडली, "आई, काय केलंस?"

मी म्हटलं, "काही नाही, थोडं ऊन दाखवलं."

नितीशरावांनी गाडी कशी चालवली ते मला ठाऊक नाही. मी मागे बसून फक्त रामरक्षा म्हणत होते आणि मध्येच विसरत होते.

इथे ठमीला सुई लावलीय, हातापायांना पांढरी फडकी गुंडाळलीत. एक साताऱ्याची नर्स आहे, देवयानी, मराठी बोलते. तिच्यासोबत एक बाई आली, गळ्यात ओळखपत्र. तिने विचारलं, देवयानीने सांगितलं, "आजी, बाळाला उन्हात कोणी ठेवलं?"

इथे पोरांना त्रास झाला तर सरकार पोरं उचलून नेतं, हे मी ऐकलेलं आहे. नितीशराव माझ्याकडे बघत होते. मुग्धा भिंतीकडे. मी म्हटलं, मी ठेवलं. ह्या दोघांना ठाऊक नव्हतं. मला धरा, पोरीला नेऊ नका.

"का ठेवलंत, आजी?"

"रंग चढावा म्हणून."

देवयानीने ते इंग्रजीत सांगितलंच नाही लगेच. मग नितीशराव तिथल्या खुर्चीवर बसले आणि तोंड ओंजळीत घेतलं.

"आई," ते म्हणाले, "तिला रंग चढत नसतो. तिच्या कातडीत तो बनतच नाही. केसात नाही, डोळ्यांत नाही. अल्बिनिझम म्हणतात त्याला. तिला ऊन फक्त भाजतं."

"मग ते रक्त?"

"कुठलं रक्त?"

"तुम्ही दोघांनी दिलेलं. तपासायला."

आधी त्यांना कळलं नाही मी काय विचारतेय. मग कळलं. मुग्धाला तर आधीच कळलं. ती माझ्याकडे वळली आणि असं बघितलं की जमिनीत जावंसं वाटलं.

"तुला वाटलं मी..." एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती बोललेली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

मी घरी. ती दोघं तिकडेच. त्या ओळखपत्रवाल्या बाईने सांगितलंय की सध्या मी बाळापाशी एकटीने थांबायचं नाही. पोरीला नेणार नाहीत, एवढं नितीशरावांनी समजावलं, पण बाई पुन्हा येणार.

नितीशराव कपडे न्यायला आले तेव्हा म्हणाले, "चूक आमची पण आहे, आई. सुईणीला जन्मल्यापासूनच शंका होती, रक्त त्यासाठीच दिलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या खूश होतात, फोनवर दिवसभर गोरी गोरी, मुग्धा म्हणायची, कसं सांगू तिला?"

"ती दिसेल का हो? म्हणजे, तिला दिसेल का?"

"थोडं कमी. डोळे हलतात ते त्यामुळेच. पण आंधळी नाही."

"आणि फोड?"

"भरतील म्हणतात. डाग राहील की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. आणि आई, पुढे आयुष्यभर जपायचं. लहानपणी भाजलेलं कातडं विसरत नाही म्हणतात."

ते गेल्यावर मी ओट्यावरचं दार लावलं, कडी घातली, वर पडदा ओढला. घरात कोणी नव्हतं, तरी.

ग्लेनिस कुंपणापाशी आली. तिला कोणीतरी सांगितलं असणार. नाकाची पट्टी निघाली होती, तिथे खळगा होता, जसा अंजिराला पक्षी चोच मारतो तसा. मी त्या खळग्याकडे बघितलं आणि मग तिच्या हातवाऱ्यांचा अर्थ लागला. ती मला सांगत होती, असं करू नका. मी तिच्याकडून शिकून आले, असं करा म्हणून. मी रडायला लागले, ती मला धरून उभी राहिली, आणि दोघींनाही एकमेकींचं काही कळलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

आज मला दवाखान्यात नेलं. ठमी सावरलीय, दूध पिते. गालाची साल निघतेय. लांबून बघितलं.

डॉक्टरीणबाई आल्या. देवयानी होती मध्ये. डॉक्टरीण विचारत होत्या, घराण्यात आणखी कोणाला असं आहे का? मुग्धा म्हणाली, नाही. नितीशराव म्हणाले, आमच्याकडेही नाही.

मी वर बघितलंच नाही.

कारण मी दोन दिवस तेच डोक्यात घोळवतेय. शांताआत्या. गिरण कसलं, काही नाही. तीच ठमी होती, आमच्या अंगणात. सांगितलं तर ते आमच्याकडून आलं हे उघड होणार. विहीणबाई आयुष्यभर ऐकवतील, तुमच्या रक्तातला दोष आमच्या घरात. मुग्धाला ऐकवतील. मी तोंड मिटून बसले. पण डॉक्टरीण पुढे विचारत होत्या, असं कोणी असेल तर त्यांना पटकन निळे डाग पडायचे का, जखमेतून रक्त थांबत नसे का, कारण एक प्रकार असा असतो आणि तो असला तर पोरीला लहान इंजेक्शन देतानाही जपायला लागतं.

म्हणजे माझ्या गप्प बसण्याने पुन्हा पोरीलाच.

"होती," मी म्हटलं. "माझी आत्या. शांता. रक्ताचं काही नव्हतं तिला. विळीवर कितीदा बोट कापायची, दिसायचं नाही ना, हळद दाबली की थांबायचं."

सगळे माझ्याकडे वळले. मुग्धाही.

"ती किती वर्षं जगली?" मुग्धाने विचारलं. मंगळवारपासून तिचा हा पहिला शब्द माझ्याशी.

"पासष्टीच्या पुढे गेली गो. तांदूळ निवडायची नाकाशी धरून, पण खडा राहायचा नाही. पायरव ऐकून ओळखायची कोण आलंय ते. भांडायला तर अशी की गुरवीण तिला टरकून असायची. लग्न नाही केलं कोणी तिचं. म्हणजे ती तयार होती, माणसं तयार नव्हती."

"कशाने गेली?"

हे सांगायचं नव्हतं मला. पण अर्धं सांगून काय उपयोग.

"तिला आमसुलं वाळत घालायला पाठवायचे. कातळावर, भर उन्हात. घरात दुसरं काम दिसत नाही म्हणून हे काम तिचं. गालाला जखम झाली, ती कधी भरलीच नाही. वाढत गेली."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आणि देवयानीने सांगितलं, "आजी, हे आईवडील दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. एका घरचा दोष नाही. आणि तुमच्या आत्याला तिच्या रंगाने नाही मारलं, उन्हाने मारलं."

मुग्धा रडायला लागली. मी पुढे झाले नाही. मला अजून परवानगी नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ठमी घरी येऊन आठवडा झाला. उजव्या दंडावर चट्टा आहे. गाल भरला. ओळखपत्रवाली बाई परवा येऊन गेली, मुग्धाशी आत बोलली, मग म्हणाली, यापुढचं ह्या दोघांनी ठरवावं. त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. मालिश मुग्धा करते, मी दाराशी बसून सांगते, गुडघ्याच्या मागे जिरव, मानेला जप. ती ऐकते. पण आंघोळीला जाताना ठमीला बास्केटमध्ये घालून बाथरूममध्ये घेऊन जाते. माझ्यापाशी ठेवत नाही. मी काय बोलणार?

विहीणबाईंना नितीशरावांनी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या म्हणे, डॉक्टरांना काय, काहीतरी नाव द्यायचं असतं. येईल रंग हळूहळू. मी येतेच आहे.

मी येतेच आहे, हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काल बारसं झालं. मंडळी आली, पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या. लोक वाकून बघायचे आणि मग एकदम पाळण्याच्या फुलांचं कौतुक करायचे. विहीणबाई हसून सगळ्यांना सांगत होत्या, "लहान आहे अजून, बदलेल." मी आतल्या खोलीत घुगऱ्यांची पातेली घासत बसले.

आज सकाळची गोष्ट. नितीशराव बाहेर, मुग्धा वॉशिंग मशीनपाशी. मी चहा गाळत होते. बघते तर विहीणबाईंनी ठमीला पाळण्यातून उचललंय, काखेत एक बाटली, आणि ओट्याच्या दाराची कडी काढतायत.

मी चहा तसाच टाकला.

"विहीणबाई, कुठे?"

"वैद्यांकडून खास तेल आणलंय, शकुताई. नागकेशराचं. म्हणाले, लावून कोवळ्या उन्हात ठेवा, वर्ण पालटतो."

"उन्हात नाही."

"सकाळचं आहे हो. साडेनऊ तर झालेत."

"इथे कोवळं ऊन नसतं."

त्या हसल्या, शाळेत पोराला बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही कडक ऊन दाखवलंत, तेही उघडं टाकून. म्हणून झालं ते. मला कळतं किती वेळ ठेवायचं ते. सरका."

दार अर्धं उघडलं होतं. ऊन आत आलं होतं पट्ट्यासारखं. मी दारात जाऊन उभी राहिले, पाठ उन्हाकडे करून. माझ्या लग्नापासून ह्या वयापर्यंत मुलाकडच्या माणसाला मी नाही म्हटलेलं नाही. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"नाही सरकणार," मी म्हटलं. "मला ढकला, पण हिला बाहेर नेऊ देणार नाही. हिला रंग येणार नाही, आशालताताई. कधीच नाही. ही अशीच आहे, अशीच राहणार. आमची शांताआत्या अशीच होती आणि तिला आम्ही उन्हात पाठवून मारली. मला वाटलं तेच तुम्हाला वाटतंय, लोक काय म्हणतील. म्हणू देत. बाहेर नाही."

"म्हणजे तुमच्याकडून आलं हे?" त्यांचा आवाज चढला.

"आमच्याकडून आलं. आणि तुमच्याकडूनही. दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही, डॉक्टरांना विचारा."

त्यांनी काखेतली बाटली सावरली. ओठ मिटले. मला वाटलं, आता फोडतील. आता म्हणतील, नितीश, तिकीट काढ माझं. त्यांच्या मागे बघते तर पॅसेजमध्ये मुग्धा, हातात ओले कपडे. कधीपासून उभी होती कोण जाणे.

ती पुढे आली. विहीणबाईंकडून ठमीला घेतलं. दार लावलं. मग ठमीला माझ्या हातात दिलं, आणि म्हणाली, "आई, मी आंघोळीला जाते." गेली, आणि बाथरूमचं दार आतून लावून घेतलं.

मी भिंतीपाशी खाली बसले. ठमी मांडीवर. तिचे डोळे इकडून तिकडे हलत होते, आणि मधूनच माझ्या तोंडापाशी येऊन थांबल्यासारखे वाटत होते. विहीणबाई दारापासून हलल्या. बाटली टेबलावर ठेवली. मग गुडघ्यावर हात देत माझ्या शेजारी येऊन बसल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. भीतीने मी ठमीला जवळ ओढलं.

पडद्याच्या फटीतून ऊन कार्पेटवर आलं होतं.

"सरका जरा इकडे," त्या म्हणाल्या. "डोळे मिटतेय ती."

सरकले. मुग्धा बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी म्हाताऱ्या भिंतीला धरून तशाच बसलो होतो, आणि ऊन पुढे आलं की पाय मागे घेत होतो.